भुईआवळी आणि कावीळ : एका जुन्या वहीच्या निमित्ताने

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत जुन्या हुबळीत दिलेले व्याख्यान)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत बोलावे असे निमंत्रण घेऊन आपले चिटणीस माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना म्हटले की मी साहित्यिक नव्हे. जन्मभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. ते म्हणाले, "शंभर वर्षांत साहित्यिक पुष्कळ बोलून गेले. आपण आपल्या विषयातले काही बोला, पण वाचनालयाशी त्याचा धागा असू द्या." त्यांनी हे सहज म्हटले असेल, परंतु माझ्या कपाटात एक वही आहे आणि तिचा आरंभ खरोखरच या वाचनालयातल्या एका पुस्तकापासून झालेला आहे. म्हणून आज तोच विषय घेतला : भुईआवळी, कावीळ, आणि वनस्पतींतील द्रव्ये विषाणूंवर चालतात की नाही हे ठरवायचे कसे.

वही माझ्या आजोबांची. कापसाच्या अडतीवर हिशेब लिहिण्यात त्यांची हयात गेली. ते वैद्य नव्हते. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' त्यांनी येथून घरी नेला, परत केला, पुन्हा नेला. पुढे ओळखीच्या एका वैद्यांबरोबर रानात हिंडून वनस्पती ओळखायला शिकले आणि १९३८ च्या पावसाळ्यात आमच्या ओसरीवर काविळीचे औषध द्यायला बसले. ते १९६१ पर्यंत देत राहिले. पैसा घेत नसत; पैसा घेतला की औषधाचा गुण जातो अशी त्यांची समजूत होती. मात्र हिशेबनिसाचा हात, त्यामुळे नोंद केल्यावाचून चैन पडत नसे. डावीकडे तिथी आणि तारीख, मग नाव, गाव, वय, किती दिवस औषध दिले ते, आणि उजव्या टोकाला एक रकाना : 'उतार'. नावे बहुधा मोडीत, बाकीचे बाळबोधीत. माणसे सर्व प्रकारची. मराठी घरांतली, कानडी घरांतली, मुसलमान मोहल्ल्यातली, सिद्धारूढ मठात यात्रेला आलेली परगावची. कोणी 'कावीळ' म्हणे, कोणी 'कामाले'. संस्कृत ग्रंथांतली कामला ती हीच.

औषध म्हणजे भुईआवळी. कानडीत नेलनेल्ली, संस्कृतात भूम्यामलकी किंवा तामलकी. च्यवनप्राशाच्या पाठात ही तामलकी आहे. पाऊस पडून आठपंधरा दिवस झाले की ज्वारीच्या आणि कापसाच्या शेताच्या कडेला, घराच्या जोत्यालगत, दगडी फरसबंदीच्या सांध्यांतून ही वीतभर उंचीची झाडे उगवतात. पाने चिंचेसारखी, आणि पानांच्या डहाळीखाली ओळीने लोंबणारी मोहरीएवढी फळे. पान उलटून दाखविल्याखेरीज नवख्याला ती दिसत नाहीत. आजोबा झाड मुळासकट उपटीत, धुऊन पाट्यावर वाटीत आणि तो हिरवा कडू गोळा ताकातून सकाळी अनशापोटी देत. तेल, तिखट आणि दारू वर्ज्य. वहीतील काही शे नोंदींपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी 'उतार' या रकान्यात 'पडला' असे लिहिले आहे. लहानपणी मला त्या शब्दाचा केवढा अभिमान वाटे! पुढे रसायनशास्त्र शिकल्यावर त्याच शब्दाने मला बराच काळ अस्वस्थ केले.

कारण काविळीचा स्वभाव. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतील रंगद्रव्यापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तातून बाहेर टाकते. यकृताला सूज आली की ते रक्तात साठते, आणि डोळे, कातडी, लघवी पिवळी होते. म्हणजे पिवळेपणा हे लक्षण झाले, रोग नव्हे. आपल्याकडे दूषित पाण्यातून येणारी जी कावीळ पावसाळ्यात दिसते, ती बहुतेक वेळा हेपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. आणि बहुसंख्य रोग्यांत ती काही आठवड्यांत, कधी दोन महिन्यांत, आपण होऊन ओसरते. शरीर त्या विषाणूला स्वतःच हुसकावून लावते. अशा दुखण्यावर सातव्या दिवशी काहीही द्या, महिन्याने उतार पडलेला असतोच.

म्हणून काविळीइतके उपाय दुसऱ्या कोणत्याही दुखण्याला नसतील. चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळे करून दाखविणारे आहेत. बारीक काड्यांची माळ डोक्यावर ठेवून ती दिवसेंदिवस खाली उतरत जाते, तशी कावीळ उतरते असे सांगणारे आहेत. त्या माळेच्या गाठीच अशा मारलेल्या असतात की काड्या वाळल्या की दोरा सैल पडून माळ लांबते. देवडांगरीच्या फळाचे पाणी नाकात सोडून पिवळा स्राव काढणारे आहेत; त्यात नाकाच्या आतल्या त्वचेचा दाह होतो, यकृताशी संबंध काही नाही. मनगटावर डाग देणारेही या भागात होते. आजोबा या सर्वांवर संतापत. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे, तर त्या माळवाल्याने वही ठेवली असती, तर त्याच्याही रकान्यात निम्म्याहून अधिक ठिकाणी 'पडला' असेच आले असते.

मग भुईआवळीत काही आहे की नाही? हा प्रश्न हिंदुस्थानातच विचारला गेला, आणि चांगल्या माणसांनी विचारला. १९४६ साली कृष्णमूर्ती आणि शेषाद्री या रसायनशास्त्रज्ञांनी या झाडातील कडू द्रव्य वेगळे केल्याचा निबंध प्रसिद्ध केला, ते फायलँथिन. तिच्यासोबतचे हायपोफायलँथिन मात्र कडू नाही. दोन्ही लिग्नान या वर्गातील. विद्यार्थ्यांना मी ही रेणुरचना फळ्यावर काढून दाखवीत असे आणि मनात ओसरीवरचा तो हिरवा गोळा येई.

विषाणूचा प्रश्न नंतरचा. डॉ. बारूक ब्लूमबर्ग यांनी १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका मूळ रहिवाशाच्या रक्तात एक अनोळखी प्रतिजन पाहिले. पुढे ते हेपॅटायटिस बी विषाणूचे पृष्ठीय प्रतिजन ठरले. त्यासाठी १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. बी विषाणू पाण्यातून येत नाही. रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून मुलाला येतो. लहानपणी आला तर तो बहुधा जन्मभर मुक्काम करतो. असा वाहक वर्षानुवर्षे पिवळा पडत नाही, ओसरीवर औषधाला येत नाही. आणि पन्नाशीत त्याला यकृताचा कर्करोग किंवा सिरोसिस होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात असे सुमारे २५ कोटी ४० लाख लोक होते आणि त्यांपैकी जवळपास तीन कोटी भारतात. परंपरेने सांगितलेले 'काविळीचे औषध' आणि या वाहकांना हवे असलेले औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुईआवळीची कथा या दोहोंमधल्या पुलावर घडते.

मद्रास विद्यापीठातील डॉ. एस. पी. त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली माका आणि भुईआवळी यांचे अर्क परीक्षानळीत बी विषाणूच्या प्रतिजनावर परिणाम करतात असे दाखविले. तिकडे फिलाडेल्फियात ब्लूमबर्ग यांच्या संस्थेत डॉ. वेंकटेश्वरन जगभरच्या पारंपरिक काविळीच्या वनस्पती तपासत होते. १९८७ साली त्यांचा निबंध आला : भुईआवळीचा अर्क विषाणूच्या डीएनए-पॉलिमरेज या विकराला अडवितो; शिवाय वुडचक नावाचा बिळात राहणारा जो खारीच्या कुळातला अमेरिकन प्राणी आहे, त्याच्यातल्या अशाच विषाणूवरही त्याचा परिणाम दिसतो. त्या संस्थेने या उपयोगाचे पेटंटही घेतले. मग दोन्ही चमू एकत्र आले आणि १९८८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मद्रासच्या रोग्यांवरील निष्कर्ष छापून आला. तीस दिवस रोज तीनदा दोनशे मिलिग्रॅम भुईआवळीची पूड कॅप्सूलमधून दिली. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल. औषध घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून पृष्ठीय प्रतिजन नाहीसे झाले. दुसऱ्या गटातील २३ पैकी एकाच्याच.

या आकड्यांचे महत्त्व किती ते सांगतो. जुनाट वाहकाच्या रक्तातून हे प्रतिजन आपण होऊन जाणे अगदी विरळा. शंभरात वर्षाकाठी एखाद्याचे जाते. तेथे महिनाभरात शंभरी ५९! तो अंक मी पाहिला त्या रात्री मला झोप आली नाही. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मी वही काढून वडिलांना ते आकडे वाचून दाखविले. वडील म्हणाले, "त्यांना हे आधीच ठाऊक होतं." मीही त्या रात्री तसेच समजलो. आम्ही दोघेही चुकत होतो. माझी चूक अधिक मोठी, कारण मी शास्त्र शिकलेला होतो.

दोन वर्षांतच, १९९० साली, त्याच 'लॅन्सेट'मध्ये थायलंडहून वृत्त आले : लक्षणे नसलेल्या वाहकांना तेथे वाढलेली भुईआवळी दिली, प्रतिजन हटले नाही. १९९४ साली न्यूझीलंडमधील वाहकांतही निष्फळता आली. चीनमध्ये पुष्कळ चाचण्या झाल्या. त्यांपैकी बहुतेकांत भुईआवळी दुसऱ्या विषाणुरोधक औषधाच्या जोडीने दिलेली, आणि आखणी ढिली. २०११ साली कॉक्रेन या संस्थेच्या परीक्षणकारांनी यादृच्छिक विभागणीच्या सोळा चाचण्या एकत्र पडताळल्या. त्यांत औषधहीन गटाशी तुलना केलेली चाचणी एकच निघाली, आणि भुईआवळी जुनाट हेपॅटायटिस बीवर गुणकारी आहे असे म्हणण्याजोगा खात्रीचा पुरावा त्यांना मिळाला नाही. परीक्षानळीत विषाणूला अडविणारे द्रव्य आतड्यातून रक्तात, रक्तातून यकृताच्या पेशीत, पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ पोहोचेलच असे नाही. तेवढ्या वाटेत हजारो द्रव्ये गळून पडली आहेत, आणि ती सर्वच काही वनस्पतींतली नव्हती.

तरीही मद्रासचा निष्कर्ष खोटा होता असे मी म्हणत नाही. लहान गटांत योगायोग मोठे खेळ करतो, हे एक. दुसरे, झाड तेच होते काय? याचा विचार मला फार उशिरा सुचला, आणि त्यात मला सर्वांत अधिक रस आहे.

१९८७ च्या त्या निबंधाच्या मथळ्यात झाडाचे नाव 'फायलँथस निरुरी' आहे. १९८८ च्या निबंधात 'फायलँथस अमारस'. झाड बदलले नव्हते, नाव सुधारले होते. 'निरुरी' हे नाव लिनीअसने १७५३ साली दिले. ती मुळात अमेरिकेतली जात. आपल्याकडील पुस्तकांनी मात्र दीडदोनशे वर्षे इथल्या प्रत्येक भुईआवळीला निरुरीच म्हटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनस्पतिशास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिले, तेव्हा इथे अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस अशा जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या भगिनी निघाल्या. फुलाच्या पाकळ्या पाच की सहा, एवढ्यावर ओळख. फायलँथिन अमारसमध्ये चांगले असते, साऱ्या भगिनींत तसे नसते. बाजारातल्या वाळक्या जुडीत मिसळ असते. आजोबा कोणते झाड वाटीत होते, हे मला सांगता येत नाही. वहीत 'भु. आ.' एवढेच आहे.

आणि मौज अशी की अमारस हीदेखील मूळची अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातली, पुढे जगभर पसरली, असे वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत आहे. तसे असेल तर चरकसंहितेतली तामलकी ती ही नव्हे! सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात 'कीरगनेल्ली' या नावाने भुईआवळी आहे. या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तिघा कोंकणी वैद्यांनी परिश्रम केले, आणि १६७५ साली लिहिलेले त्यांचे कोंकणी भाषेतील, देवनागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. त्या तिघांनी प्रत्येक वनस्पतीचे चित्र, पान, फूल, फळ समोर ठेवून नाव सांगितले. औषधाची चर्चा झाड निश्चित केल्यावर करावी, एवढी शिस्त त्यांना तीनशे वर्षांपूर्वी होती. आपण ती पुष्कळदा विसरतो.

याचे ताजे उदाहरण गुळवेलीचे. २०२० साली कोविडच्या साथीत घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. हुबळीत अमृतबळ्ळीच्या वेली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुंपणावरून नाहीशा झाल्या. हेतू विषाणूपासून रक्षण हाच. त्या वर्षाच्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना सहा रोगी असे आढळले की जे काविळीने आले होते आणि ज्यांच्या इतिहासात गुळवेलीचे नियमित सेवन होते. त्यांतील काहींना थायरॉइडसारखे स्वप्रतिकारशक्तीचे विकार आधीपासून होते. प्रतिकारशक्ती चेतविणारी वनस्पती त्यांच्याच यकृतावर उलटली असावी असा तर्क त्यांनी मांडला. २०२१ साली हे प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वापरलेली वेल खरी गुळवेल होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे तपासलेले नाही. हरकत रास्त होती. २०२२ साली देशातील अनेक रुग्णालयांचा ४३ रोग्यांचा अभ्यास आला, आणि संशय गुळवेलीवरच दृढ झाला. लाखो लोकांनी काढा प्यायला, त्यांतल्या थोड्यांनाच बाधा झाली, हे खरे. परंतु विषाणूच्या भीतीने घेतलेल्या काढ्याने कावीळ व्हावी, ही गोष्ट आजोबांना सांगितली असती तर त्यांनी ती कोणत्या रकान्यात लिहिली असती?

आता कोणी म्हणेल की हा मास्तर आयुर्वेदाच्या विरुद्ध बोलायला उभा राहिला आहे. तसे नाही. आपल्या हेग्गेरीच्या आयुर्वेद महाविद्यालयातील काही विद्यार्थी समोर बसलेले दिसतात. त्यांच्यासाठी एक मुंबईची गोष्ट. डॉ. अंतरकर, डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली आरोग्यवर्धिनीची चाचणी प्रसिद्ध केली. कोणाला औषध आणि कोणाला औषधहीन गोळी, हे रोग्याला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही, अशी तिची आखणी होती. आरोग्यवर्धिनीत निम्मा भाग कुटकी. पुढे १९९६ साली डॉ. वैद्य आणि मंडळींनी नुसत्या कुटकीच्या मुळीची पूड विषाणुजन्य काविळीच्या रोग्यांना दोन आठवडे देऊन तशीच चाचणी केली. पंधरा रोगी कुटकीचे, अठरा औषधहीन गोळीचे. बिलिरुबिन ठरावीक पातळीपर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सरासरी सत्तावीस दिवस लागले, दुसऱ्या गटात जवळपास शहात्तर. गट लहान, एवढ्यावर निकाल लावता येत नाही. कुटकी विषाणूला मारते असेही त्यातून सिद्ध होत नाही. ती यकृताला सावरायला मदत करीत असेल, विषाणू शरीर आपले आपण हटवीत असेल. पण प्रश्न विचारण्याची रीत नेमकी हीच. ही चाचणी दहापट मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हायला हवी होती. आपल्या जवळ बेळगावला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे; असे काम तेथे शोभेल.

वनस्पतीतून विषाणूवर औषध निघतच नाही असेही नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातले चक्रीफूल घ्या. त्यातील शिकिमिक आम्लापासून अनेक रासायनिक पायऱ्यांनी ओसेल्टामिविर तयार करतात. इन्फ्लुएन्झावरील हे औषध १९९९ साली मान्य झाले आणि २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा लोक त्याच्यासाठी रांगा लावून उभे होते. काही जण कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत होते, तो भाग वेगळा. चक्रीफूल कितीही उकळून प्यायले तरी ओसेल्टामिविर मिळत नाही. ते फूल हा कच्चा माल. आणि शिकिमिक आम्लाला ज्या जपानी 'शिकिमी' झाडाचे नाव मिळाले, त्याची फळे चक्रीफुलासारखीच दिसतात आणि विषारी असतात. पुन्हा ओळखीचाच प्रश्न.

आता वहीकडे परत येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

'उतार' या रकान्यात 'पडला' नसलेल्या नोंदी पुष्कळ आहेत. तेथे काहीच लिहिलेले नाही. तरुणपणी त्या कोऱ्या जागांवरून माझी नजर सरळ पुढे जाई. बरे झालेले सांगायला येत, पेढे घेऊन येत. न आलेल्यांत बरे होऊन विसरलेले असतील, दुसरीकडे गेलेले असतील, आणि मेलेलेही असतील. हिशेबनिसाला कळायला हवे होते की जमेचीच बाजू लिहिलेल्या खात्याची बाकी काढता येत नाही. मी आधी तसेच म्हणत असे. मग श्रावण महिन्यातली, १९५४ सालची एक ओळ माझ्या नजरेस पडली. नाव माझ्या थोरल्या आत्याचे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वहीत 'आठवा महिना' अशी नोंद आहे. चार दिवस औषध दिल्याचे लिहिले आहे. पुढचा रकाना कोरा.

आत्या नवव्या दिवशी बेशुद्ध होऊन गेली, मूलही गेले. घरात तिचा विषय कधी निघत नसे. हे मला आजी जाण्याच्या आधल्या वर्षी तिनेच सांगितले. दवाखान्यात का नेले नाही, असे मी विचारले. आजी म्हणाली, "औषध घरातच होतं ना रे."

आत्या कशाने गेली, याबद्दल आज मला फारसा संशय नाही. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची मोठी साथ सुरू झाली. यमुनेचे पात्र सरकल्यामुळे नजफगढ नाल्याचे घाण पाणी वझिराबादच्या पंपघरापर्यंत आले, आणि एकोणतीस हजारांहून अधिक माणसे पिवळी पडली. डॉक्टरांच्या तेव्हाच लक्षात आले की गर्भवती स्त्रिया अधिक मरत आहेत. कारण कळायला तीस वर्षे लागली. साठवून ठेवलेले रक्तद्रव पुढे तपासले, तर ती हेपॅटायटिस ए नव्हती. १९८३ साली बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो नवा विषाणू दाखविला; तोच हेपॅटायटिस ई. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरात वीस ते पंचवीसपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. म्हणजे बहुतेकांना आपण होऊन सोडून जाणारे दुखणे नेमके ज्यांना सोडत नाही, त्यांत आत्या होती. १९५४ साली दवाखान्यात नेले असते तरी ती वाचली असती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण चार दिवस वाट पाहिली गेली, हे वहीतच आहे.

त्यानंतर वही थांबलेली नाही. पाच महिने एकही नोंद नाही, आणि मग पुन्हा सुरू होते. परंतु त्यापुढे गर्भवती बाईचे नाव आले की औषधाच्या रकान्यात फुली आहे आणि 'उतार' च्या जागी 'दवाखान्यात पाठविली' असे लिहिले आहे. १९५७ साली हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर तर ज्याला झोप फार येते, जो बरळतो, ज्याच्या पोटात पाणी झाले, अशा प्रत्येकाच्या नावापुढे हेच दोन शब्द आहेत. फुल्या वाढत गेल्या आहेत. शेवटच्या दोन वर्षांत औषध दिल्याच्या नोंदींपेक्षा फुल्याच जास्त आहेत. त्यांना ई विषाणू ठाऊक नव्हता, ए विषाणूही नव्हता. 'लॅन्सेट' त्यांनी पाहिला नव्हता. मी १९८८ साली त्या वहीतून जे शोधत होतो ते तीत नव्हते; आणि जे होते ते मला दिसत नव्हते.

आज हेपॅटायटिस बीवर लस आहे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ती देशात तयार करून तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली, आणि २०११ पासून देशभरातील बालकांच्या लसीकरणात ती समाविष्ट आहे. वाहकांसाठी टेनोफोव्हिर, एंटेकाव्हिर अशी औषधे आहेत. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितले. भुईआवळी अजून आमच्या अंगणात उगवते. यंदाही आली आहे. तिच्या फुलाच्या पाकळ्या मी भिंगाखाली मोजल्या, पाच आहेत. बहुधा अमारसच.

वही मी आज वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहे. तीत माणसांची नावे आणि दुखणी आहेत, त्यांची नातवंडे या सभागृहात बसलेली असतील. म्हणून मूळ वही कपाटबंद ठेवावी आणि नावांचा रकाना झाकून काढलेली प्रत वाचकांना द्यावी, अशी माझी विनंती कार्यकारी मंडळाने मान्य केली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी 'अडतीवरच्या अण्णांकडे' काविळीच्या औषधाला गेल्याची आठवण असेल, आणि पुढे काय झाले ते ठाऊक असेल, तर कृपया चिटणिसांकडे चार ओळी लिहून द्याव्यात. बरे वाटले नसेल तर तेही लिहावे. आणि मोडी वाचणारे कोणी असल्यास माझ्याशी अवश्य बोलावे. १९४७ च्या पावसाळ्यातली चार पाने मला अजून लागलेली नाहीत.